केळ्यावरची चिलटं आणि त्यांच्या पायातल्या फण्या

चिलटं ही एक जात नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात जे काही बारीक, तोंडासमोर भिरभिरणारं आणि चापट मारली तरी न सापडणारं असतं त्या सगळ्याला आपण चिलट म्हणतो आणि स्प्रे मारून मोकळे होतो. पण बाथरूमच्या जाळीजवळ भिंतीला चिकटून बसलेलं ते केसाळ, पतंगासारखं दिसणारं वेगळ्याच कुटुंबातलं असतं, ते गटारातल्या बुळबुळीत थरावर वाढतं, केळ्याशी त्याचा काही संबंध नाही. तुळशीच्या कुंडीतून उठतं ते तिसरंच, लांब मिशांचं, त्याच्या पंखात मधोमध एक शीर दुभंगलेली दिसते. ओट्यावर उडायच्या ऐवजी तुरूतुरू पळत सुटणारं, पाठीत पोक असलेलं एक असतं ते फोरिड. या सगळ्यांतून जे केळ्यावर, चिकूवर, कापून ठेवलेल्या आंब्यावर बसतं, लाल डोळ्यांचं, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं, ते ड्रोसोफिला. आणि ड्रोसोफिला म्हणजे तरी एकच कुठे, ठाण्याच्या एका फ्लॅटच्या किचनमध्ये त्यांच्या इतक्या जाती निघाल्या की माझी मीच चाट पडले.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजायच्या हेच काम, त्यामुळे बारीक बघण्याचा मला कंटाळा नाही. पण लॅबचा मायक्रोस्कोप स्लाइडवरचं पातळ बघायला असतो, अख्खा किडा त्याच्याखाली ठेवला तर नुसता काळा गोळा दिसतो. त्याला स्टिरिओ लागतो, दोन्ही डोळ्यांनी बघायचा, खोली दिसणारा, खाली हात घालून काम करता येणारा. नवा घ्यायचा तर महाग. मग लक्षात आलं की मोबाइल रिपेअरिंगवाले तोच वापरतात, बोर्डवरचे कणभर पार्ट सोल्डर करायला! स्टेशनजवळच्या एका दुकानदाराकडे चौकशी केली तर तो स्वतःचा बदलायच्याच विचारात होता. "ताई, सेकंड हँड आहे पण लेन्सला फंगस नाही, बघून घ्या," म्हणाला आणि खरंच नव्हतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात ही मोठी गोष्ट. सात ते पंचेचाळीस पट मोठं दिसतं, वर रिंग लाइट. एवढ्यावर निम्मी कामं होतात. उरलेल्या निम्म्याला साधा कंपाउंड मायक्रोस्कोप लागतो, तो कॉलेजच्या पोरांचा जुना मिळतो.

सापळा म्हणाल तर अगदीच घरगुती. जॅमच्या रिकाम्या बाटलीत पिकून काळं पडायला आलेलं केळं, त्यावर चिमूटभर यीस्ट, तोंडाला कागदाचा कोन लावायचा, टोकाला बारीक भोक. आत जायला रस्ता मिळतो, बाहेर यायला सापडत नाही. व्हिनेगर आणि साबणाचं पाणी ठेवायची युक्ती सगळे सांगतात पण त्यात ती बुडून मरतात आणि अंगावरचे केस-काटे चिकटून जातात, नुसती मारायची असतील तर ठीक, बघायची असतील तर नको. सासूबाईंना अर्थातच हे पटलं नाही. "अगं, लोक चिलटं घालवायला जिवाचं रान करतात आणि तू त्यांना केळं खायला घालतेस?" मी म्हटलं, "अहो आई, बाटलीत आहेत तोवर तुमच्या ताटावर तरी नाहीत ना." त्यावर त्यांनी बाटलीची जागा बदलून ती गॅलरीत नेऊन ठेवली, आणि गंमत म्हणजे गॅलरीत किचनपेक्षा वेगळी पाखरं आली. खाली सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा खड्डा आहे, त्याचा परिणाम असावा.

पकडल्यावर बाटली डीप फ्रीझरमध्ये. पाच-सात मिनिटांनी बेशुद्ध होतात, नुसतं पाहून सोडायचं असेल तर तेवढं पुरतं, पण मायक्रोस्कोपच्या दिव्याखाली ऊब लागली की एकेक पाय हलवायला लागतं आणि तुम्ही फोकस करताय तोवर उडून पडद्यावर. ठेवायच्याच असतील तर जास्त वेळ ठेवून मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस रंगाकडे बघतो. हे पिवळट, ते तपकिरी, हे काळसर. रंगावर अजिबात जाऊ नका. कोषातून नुकतंच बाहेर आलेलं कुठलंही ड्रोसोफिला फिकट, जवळपास पारदर्शक असतं आणि काही तासांनी त्याचा खरा रंग चढतो. शिवाय मेलॅनोगॅस्टर या ड्रोसोफिलाच्या जातीच्या माद्या थंडीत वाढल्या तर पोटाकडून गडद होतात, उकाड्यात वाढल्या तर फिकट राहतात, म्हणजे एकाच आईच्या पोरी दोन रंगांच्या. अल्कोहोलमध्ये ठेवलं की रंग उतरतो ते वेगळंच. त्यामुळे पहिलं काम नर-मादी वेगळं करायचं. मादीचं पोट मागे टोकदार, पट्टे शेवटपर्यंत. नराचं बूड बोथट, गोल. आणि मग माद्या सरळ बाजूला सारायच्या. ऐकायला कसंसंच वाटतं पण यात जात ओळखायचा कागद नराकडे असतो, मादी काही सांगत नाही.

नराचं काय बघायचं, तर पुढचा पाय. किड्याच्या पायाच्या टोकाला पाच बारीक पेरं असतात, त्यातल्या वरच्या पेरांवर मेलॅनोगॅस्टरच्या नातेवाइकांमध्ये एक फणी असते. म्हणजे खरंच फणी, जाड, काळे, बोथट दात ओळीत लागलेले, आपल्या उवांच्या फणीसारखी. हे दात म्हणजे बदललेले केसच, आणि नर ती मादीला धरायला वापरतो. स्टिरिओखाली पंचेचाळीस पटीला पहिल्यांदा बघाल तेव्हा ती फणी वाटणारच नाही, पायावर शाईचा बारका डॅश ओढल्यासारखं काहीतरी दिसेल. सुईने पाय किंचित फिरवायचा, लाइट एका बाजूने तिरका सोडायचा, रिंग लाइट बंद, कारण वरून सगळीकडून उजेड पडला की दात एकमेकांत मिसळून जातात. टेबल लॅम्प एका अंगाला ठेवला की एकदम दात सुटे दिसतात. मोजायचे असतील तर मात्र पाय तोडून स्लाइडवर, ग्लिसरीनच्या थेंबात, कव्हरस्लिप ठेवून कंपाउंडखाली. शंभर पटीला एकेक दात सुटा मोजता येतो.

मेलॅनोगॅस्टरची फणी एकच, फक्त पहिल्या पेरावर, साधारण दहा-बारा दात, पायाच्या लांबीच्या दिशेने किंचित तिरकी. ही ती प्रसिद्ध माशी, १८३०मध्ये माइगेनने नाव दिलेली आणि १९१०मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ मॉर्गनला पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलेली. आपल्याकडे कुलाब्याला टीआयएफआरमध्येसुद्धा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जीवशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींच्या काळापासून हिच्यावर काम चालतं. किचनमध्ये ती असणारच अशी माझी खात्री होती आणि होतीच, पण वाटलं होतं तेवढी बहुसंख्य नाही.

कारण आमच्या बाटलीत जास्त भरणा निघाला तो अनानासे या जातीचा. हिला डोलेशालने १८५८मध्ये आज इंडोनेशियात असलेल्या अंबोन बेटावरून नोंदवलं. पिवळट अंगाची, नराचं बूड काळं नाही, आणि फणी म्हणाल तर एक नाहीच! आखूड आखूड आडव्या ओळी, एकाखाली एक, पहिल्या पेरावर, दुसऱ्यावर, कधी तिसऱ्यावरही. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरात मोठ्याने "अरे वा" म्हणाले आणि मुलगा आतून "काय झालं आई" म्हणत आला, त्याने बघितलं, "हां, काळं काळं आहे" म्हणून परत गेला. असो. या जातीची आणखी एक गंमत वाचली होती, ड्रोसोफिलाच्या नरांमध्ये गुणसूत्रांची आपसांत अदलाबदल साधारणपणे होत नाही, अनानासेच्या नरांत ती होते. मायक्रोस्कोपमधून अर्थातच यातलं काही दिसत नाही.

आणि मग ते काळ्या बुडाचे नर. इंटरनेटवर कुठेही बघा, काळं बूड म्हणजे मेलॅनोगॅस्टरचा नर, विषय संपला. तसं नाहीये. काळ्या बुडाचे म्हणून मी एका वाटीत वेगळे काढले आणि एकेकाचे पाय बघत गेले तर काहींना पहिल्या पेरावर एकच फणी, ठीक, आणि काहींना पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही पेरांवर तिरक्या फण्या. हे दुसरे बायपेक्टिनाटा गटातले. या गटात चार भावंडं आहेत: बायपेक्टिनाटा, पॅराबायपेक्टिनाटा, मालेरकोटलियाना आणि स्यूडोअनानासे. मालेरकोटलियाना म्हणजे पंजाबातलं मालेरकोटला, परशाद आणि पायका या दोघांनी तिची नोंद केली, तिचा नर चकचकीत काळ्या बुडाचा. म्हणजे नुसत्या फोटोवरून, वरून काढलेल्या, पाय न दिसणाऱ्या फोटोवरून कोणी मेलॅनोगॅस्टर असं ठणकावून सांगत असेल तर आपल्या भागात तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. बॉक आणि व्हीलर यांची १९७२ची ओळख-किल्ली अजूनही या सगळ्या गटाला उपयोगी पडते, त्यातली फण्यांची चित्रं समोर ठेवून मी बसते. फण्या पूर्ण पेरभर उभ्या लांबलचक, पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही पेरांवर असतील तर तो मॉन्टियम गटाचा नर, म्हणजे किक्कावाई या जातीसारखा. असा एकच सापडला, सोसायटीच्या खड्ड्याजवळचा.

सोप्या जातीही असतात, नाहीतर माणूस सोडूनच देईल. झॅप्रिओनस इंडियानस तर कुणीही ओळखावी, डोक्यापासून पाठीवर चंदेरी-पांढरे उभे पट्टे, त्यांना काळी किनार, नुसत्या डोळ्यांनीसुद्धा कळते. गुप्ता यांनी १९७०मध्ये भारतातून तिचं वर्णन केलं म्हणून नावात इंडियानस, मूळची मात्र आफ्रिकेची. १९९९मध्ये ब्राझीलला पोचली आणि तिथल्या अंजिरांची वाट लावली. आमच्याकडे चिकूवर आली. हिच्या पुढच्या मांडीवर काट्यांची ओळ असते आणि प्रत्येक काट्याच्या बुडाशी एक छोटा फाटा, तो बघण्यासारखा आहे, पट्टे पाहून झाल्यावर लोक तिथे बघतच नाहीत. नासुटा या जातीचा नर समोरून एका विशिष्ट कोनात धरला की दोन डोळ्यांमधलं कपाळ चांदीसारखं चमकतं, जरा फिरवला की चमक गायब. फणी त्याला नाहीच.

खरा कस लागतो तो मेलॅनोगॅस्टर आणि तिच्यासारखीच दिसणारी जात सिम्युलन्स यांच्यात. दोघांची फणी सारखी, बूड सारखं, माद्या तर अगदी एकसारख्या. गालपट्टी म्हणजे डोळ्याखालचा भाग मेलॅनोगॅस्टरला थोडा रुंद, सिम्युलन्सला अरुंद, पण हे दोन शेजारी ठेवले तरच कळणार. हमखास फरक एकच, नराच्या जननेंद्रियाच्या कमानीला मागे असलेली एक पाळी, म्हणजे कानाच्या पाळीसारखा बाहेर आलेला भाग. सिम्युलन्सची मोठी, रुंद, अर्धगोल. मेलॅनोगॅस्टरची छोटी, निमुळती, आकडीसारखी वळलेली. एवढंच. अख्ख्या किड्यात हा एक बिंदूएवढा भाग सांगणार की जात कुठली.

तो बघायचा म्हणजे ऑपरेशनच. पोटाचं टोक सुईने सोडवायचं (सगळ्यात बारीक कीटक-पिना काडेपेटीच्या काडीत खोचून मी सुया केल्यात), मग दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात, छोट्या टेस्टट्यूबमध्ये, गरम पाण्यात उभं करून ठेवायचं म्हणजे आतलं मांस विरघळून नुसतं कवच राहतं. यात हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, पोटॅश डोळ्यात गेलं तर डोळा जाईल, आणि हे स्वयंपाकाच्या ओट्यावर तर अजिबात नको. माझं हे काम बाल्कनीतल्या टेबलावर चालतं. मग साध्या पाण्यातून दोनदा काढायचं. पुढची अडचण ही की टोक ग्लिसरीनमध्ये लोळतं, हवं त्या बाजूला टिकत नाही, तुम्ही डोळा लावेपर्यंत त्याने कूस बदललेली असते. त्यावर उपाय म्हणजे हँड सॅनिटायझर, तो जेलवाला, लॉकडाऊनपासून प्रत्येक घरात एखादी बाटली पडून आहेच. जेलच्या थेंबात टोक जसं ठेवाल तसं राहतं, बुडबुडे तेवढे येऊ द्यायचे नाहीत, म्हणून थेंब आधी सोडून जरा वेळ थांबायचं. बरोबर मागून बघितलं की दोन्ही बाजूंच्या पाळ्या कमानीला लागून दिसतात. मी ज्यांच्या बघितल्या त्या सगळ्यांच्या छोट्या, आकडीवाल्या. सिम्युलन्स मला मिळाली नाही. पण ती नाही हे सांगायलासुद्धा एवढा खटाटोप करावा लागतो, आणि मला विचाराल तर या सगळ्यात मजा आली ती याच कामाला.

ही जात वेगळी आहे हे मुळात कळलं तेही आकारावरून नाही. स्टर्टव्हंट या शास्त्रज्ञाने १९१९मध्ये सिम्युलन्स वेगळी काढली, कारण काही जोड्यांमधून नुसत्या मुलीच जन्मत होत्या, आणि त्याही वांझ. मेलॅनोगॅस्टरची मादी आणि सिम्युलन्सचा नर एकत्र आले की असंच होतं. म्हणजे माश्यांनी आधी सांगितलं, नंतर माणसाने पाळी बघितली. पुढे मॉरिशसची मॉरिशियाना १९७४मध्ये आणि सेशेल्सची सेशेलिया १९८१मध्ये जाहीर झाली, तीही याच घरातली आणि तिथेही नर वेगळे काढायला ही पाळीच. सेशेलिया तर नोनीच्या फळावर वाढते, ज्याचा रस आपल्याकडे औषध म्हणून बाटल्यांतून विकतात, बाकीच्या ड्रोसोफिलांना ते फळ विषारी पडतं आणि हिला तेच हवं. नर-मादीचे हे भाग इतक्या झपाट्याने का बदलतात यावर बरीच भांडणं आहेत शास्त्रज्ञांची, मी त्यात पडत नाही.

एका टप्प्यावर हे नुसतं बघणंही पुरत नाही. बायपेक्टिनाटा गटातल्या माद्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, त्यांना घरी आणून अंडी घालू द्यायची, पोरं मोठी झाली की त्यातल्या नरांवरून आईची जात ठरवायची. पंचवीस डिग्रीला साधारण दहा दिवसांत पिढी तयार होते, आपल्या उकाड्यात लवकरच. नासुटाचं तर त्याहून पुढचं, तिची जवळची बहीण अल्बोमिकन्स दिसायला जवळजवळ तीच, पण नासुटाला आठ गुणसूत्रं आणि अल्बोमिकन्सला सहा. पाय, कपाळ, कमान कितीही बघा, गुणसूत्रं मोजल्याशिवाय पक्कं बोलता येणार नाही. आपल्या भागात नासुटाच असणार हे धरून चालतात लोक, मीही तसंच लिहिलंय, पण नावापुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवलंय. मालेरकोटलियानाच्या नावापुढेही तसंच एक प्रश्नचिन्ह आहे, कारण पॅराबायपेक्टिनाटा अगदी खेटून उभी असते. लॅबमध्ये शंका असली की आपण रिपोर्टवर "अ‍ॅडव्हाइज्ड रिपीट" (तपासणी पुन्हा करावी) लिहितो आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही, इथे मात्र लोकांना प्रत्येक फोटोखाली पूर्ण नाव हवं असतं. गटाचं नाव लिहून थांबलं तर काय बिघडतं?

कुठे पकडायची हे बरेच जण विचारतात. जांभळी नाक्याच्या बाजारात फळवाल्यांकडे संध्याकाळी आवराआवर चालू असते तेव्हा सडकं फळ फुकट मिळतं, वर "ताई, याचं काय करणार" हेही ऐकून घ्यायचं. वाशीच्या एपीएमसीत हापूसच्या सीझनला पेट्यांच्या मागे ढगच्या ढग असतात पण तिथे हमालांच्या पायात उभं राहायची सोय नाही, पहाटेच जावं किंवा जाऊच नये. येऊरला मात्र बाटली घेऊन जाऊ नका, तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथून परवानगीशिवाय किडासुद्धा उचलायचा नसतो, चिलट असलं तरी.

आणि लेबल. प्रत्येक कुपीत आतच चिठ्ठी टाकायची, बाहेर चिकटवलेली पावसाळ्यात सुटून येते. जागा, तारीख, कुठल्या फळावर, कोणी पकडलं. जात सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या चिठ्ठीवर, म्हणजे मत बदललं तर तेवढीच बदलता येते. लिहायचं पेन्सिलीनेच, बॉलपेनचं अक्षर अल्कोहोलमध्ये आठवडाभरात निळं पाणी होऊन जातं.